उत्क्रांती तर लग्नाच्या बैठकीत चाललीय

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत हजार वर्षांनंतरचा माणूस कसा असेल यावर पानभर लेख होता, डोकं मोठं, बोटं लांब, मेंदूत चिप, आणि शेवटी काय तर विज्ञानाच्या जोरावर माणूस आता स्वतःची उत्क्रांती स्वतःच्या हातात घेणार वगैरे. चित्र मस्त होतं, नातवाने कापून ठेवलंय. पण लेख वाचून राहवलं नाही म्हणून हे लिहितोय. मी यवतमाळ जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होतो, आता रिटायर आहे, प्रोफेसर वगैरे काही नाही. पण नोकरीतला बराच काळ सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या टेस्ट करण्यात गेला आणि माझं म्हणणं एवढंच की उत्क्रांती बघायला हजार वर्षं थांबायची गरज नाही, ती आमच्या लॅबच्या टेबलावर आणि त्याहून जास्त लग्नाच्या बैठकीत चाललेली मी बघितलीय, आणि विज्ञानाने तिला जे वळण दिलंय त्याचा त्या चित्राशी काडीचा संबंध नाही.

आधी चिपचा विषय संपवतो. जानेवारी २०२४ मध्ये इलॉन मस्कच्या न्यूरालिंकने पहिल्यांदा माणसाच्या मेंदूत चिप बसवली, हातपाय न हलणारा माणूस नुसत्या विचाराने कॉम्प्युटरचा कर्सर हलवायला लागला. मोठी गोष्ट आहे, वादच नाही. पण तिला उत्क्रांती कशाला म्हणता? आपल्याकडे किती पिढ्या बाळांचे कान टोचतायत, तरी अजून एकही पोर टोचलेल्या कानाचं जन्माला आलेलं नाही, सोनाराला बोलवावंच लागतं. बापाच्या डोक्यातली चिप पोराच्या डोक्यात येत नाही. उत्क्रांतीला तीनच गोष्टींशी घेणंदेणं असतं, कोण जन्माला येतं, कोण जगून मोठं होतं आणि कोणाला किती पोरं होतात. बाकी सगळी सोय झाली.

आता सिकलसेल. टेस्ट अगदी साधी असते. बोटाला टोचायचं, थोडंसं रक्त सोल्युबिलिटीच्या ट्यूबमध्ये टाकायचं, हलवायचं, पाच मिनिटं ठेवायचं, मग ट्यूबच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, पाणी गढूळ होऊन रेघा गायब झाल्या तर पॉझिटिव्ह. त्या सोल्युशनमध्ये डायथायोनाईट नावाची पावडर असते, गंधकाचा उग्र वास मारते आणि हवा लागली, ओल लागली की बाद, त्यामुळे पावसाळ्यात आश्रमशाळेत शिबिर असलं की आमचा अर्धा जीव त्या डबीत. नुसत्या गढूळ ट्यूबवरून पोरगं वाहक आहे का रुग्ण ते कळत नाही, त्याला हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी टेस्ट, इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी, लागते, आणि तो रिपोर्ट येईपर्यंत आई रोज लॅबच्या दारात. रिपोर्ट आला की हातात कार्ड द्यायचं आणि समजावून सांगायचं. हे समजावून सांगणं हेच खरं अवघड काम, रक्त काढणं सोपं.

काय सांगायचो ते इथेही सांगतो, कारण तुमच्या लेखात उत्क्रांतीवर पानभर मजकूर असून हे एका ओळीतही नव्हतं. आपल्या डीएनएत ३०० कोटीच्या आसपास अक्षरं असतात, सिकलसेलमध्ये त्यातलं फक्त एक अक्षर बदललेलं असतं. त्यामुळे हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं, बस. ही बिघडलेली प्रत आईबापापैकी एकाकडूनच आली तर पोरगं वाहक, त्याला एरवी काही त्रास नाही, शेती करेल, कबड्डी खेळेल, म्हातारं होईल. दोघांकडून आली तर रुग्ण. मग ऑक्सिजन जरा कमी पडला की लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडं दुखतात, सांधे सुजतात, पोर रात्रभर ओरडतं. चांगली लाल पेशी १२० दिवस टिकते, ही दहावीस दिवसांत फुटते, म्हणून रक्त कायम कमी. डॉक्टरी पुस्तकात हा आजार पहिल्यांदा आला १९१० साली, शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका डेंटलच्या विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी बघितल्या. भारतात तो १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये सापडला. आपल्याकडे नंदुरबारच्या भिल्ल-पावरांपासून मेळघाटच्या कोरकूंपर्यंत, इकडे गोंड, माडिया, परधान, आणि विदर्भात अनुसूचित जातींमध्येसुद्धा आहे.

आता प्रश्न असा की एवढा जीवघेणा दोष हजारो वर्षांत संपून कसा गेला नाही? रुग्ण पोरं लहानपणीच दगावत होती, म्हणजे तो जीन हळूहळू विझायला हवा होता. तो विझला नाही याचं कारण मलेरिया. थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा दोष मलेरियामुळे टिकला असावा असा अंदाज शास्त्रज्ञ जे.बी.एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये मांडला (हेच हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले, आपल्या पोरांना हे कुणी शिकवत नाही), आणि १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवून दिलं की सिकलसेलच्या वाहकांना मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणजे जंगलपट्टीत ज्या घरात एक पोर सिकलसेलने गेलं त्याच घरातलं दुसरं त्याच जीनमुळे तापातून वाचलं. शाळेत 'सर्वात सक्षम तो टिकतो' असं घोकून घेतात ना, तसं काही नसतं. त्या गावात, त्या डासांत, त्या काळात जे चाललं ते टिकलं.

आणि विज्ञान आल्यावर काय झालं बघा. फवारणी आली, मच्छरदाण्या आल्या, मलेरियाच्या गोळ्या आल्या. गडचिरोलीत मलेरिया अजून आहे पण पूर्वीसारखी घरंच्या घरं तापाने फणफणत नाहीत, म्हणजे वाहकाला मिळणारा फायदा आटत चाललाय. दुसऱ्या बाजूने सिकलसेलची जी पोरं पूर्वी पाच वर्षांचीसुद्धा होत नव्हती ती आता लसी, अँटिबायोटिक, रक्त आणि हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांवर मोठी होतायत, बारावी करतायत, लग्न करतायत, त्यांना पोरं होतायत. निसर्ग दोन हातांनी तराजू धरून बसला होता, एका पारड्यात मलेरिया एका पारड्यात सिकलसेल, आपण दोन पिढ्यांत दोन्ही पारड्यांना हात घातला. चांगलंच केलं. पण माणसाची उत्क्रांती बदलणं म्हणतात ते हेच, त्याला मोठं डोकं नि लांब बोटं लागत नाहीत. देशात १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १२९ बाळं वर्षाच्या आत जात होती, २०२३ मध्ये हा आकडा २५ वर आलाय. पूर्वी कोण राहणार हे देवी, हगवण, ताप ठरवत होते, आता पोरं मरत नाहीत तेवढी, मग ठरवणार कोण? तर कोणाचं लग्न होतं, कधी होतं, किती पोरं होतात, कोणतं पोर पोटात ठेवलं जातं. पारडं मरणाकडून लग्नाकडे आणि सोनोग्राफीकडे सरकलंय. राज्यात एका बाईला सरासरी १.७ पोरं, हा २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा आहे, त्यामुळे आता प्रत्येक निवडीला वजन आलंय.

(उशिरा लग्नाचंही एक आहे. आइसलँडमध्ये २०१२ साली मोजून झालंय की बापाचं वय एका वर्षाने वाढलं की बाळात साधारण दोन नवी म्युटेशन, म्हणजे डीएनएतले बदल, जास्त येतात. बहुतेक निरुपद्रवी असतात, घाबरायचं कारण नाही. पण पोरीचं वय बघून नाक मुरडणारे लोक पस्तिशीच्या नवऱ्यामुलाला 'सेटल आहे' म्हणतात तेव्हा मला हा आकडा आठवतो.)

जीन एडिटिंगबद्दल तुमच्या लेखात होतं की आता 'खराब जीन कायमचे पुसून टाकता येतील'. हे चूक आहे आणि चूक कुठे आहे ते नीट सांगायला पाहिजे. क्रिस्पर म्हणजे डीएनए नेमक्या जागी कापायचं तंत्र. सिकलसेलवरची कॅसगेवी नावाची क्रिस्पर थेरपी नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मंजूर केली, जगातली पहिली. ती करते काय? गर्भात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात हा दोष नसतो, म्हणूनच सिकलसेलचं बाळ पहिले काही महिने ठणठणीत दिसतं आणि सहा महिन्यांनंतर त्रास सुरू होतो, कारण तोपर्यंत गर्भातलं हिमोग्लोबिन बंद होऊन मोठ्या माणसाचं सुरू झालेलं असतं. हे बंद करण्यात बीसीएल११ए नावाच्या जीनचा हात असतो. थेरपीत रुग्णाच्या रक्ताच्या मूळ पेशी बाहेर काढतात, त्यांच्यातला तो बंद करणारा खटका कापतात, रुग्णाला जबरी केमो देऊन जुनी मज्जा रिकामी करतात आणि दुरुस्त पेशी परत सोडतात. गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू. आमची साधी हायड्रॉक्सियुरियाची गोळीही तेच हिमोग्लोबिन वाढवते, थोडं कमी प्रमाणात आणि रोज घ्यावी लागते एवढंच. म्हणजे बिघडलेलं अक्षर कुणी पुसत नाही, ते तिथेच आहे, त्याला वळसा घातलाय. आणि हे सगळं फक्त रक्तात. बीजात नाही, शुक्राणूत नाही. बरा झालेला माणूस बाप झाला तर त्याच्या प्रत्येक पोराला सिकलचा जीन जाणारच. जीन पुसण्याची भाषा करणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

किंमत अमेरिकेत २२ लाख डॉलर, तेव्हाच्या भावाने अठरा कोटींच्या वर. आमच्याकडे एसटीचं भाडं नाही म्हणून फॉलोअपला न येणारे पेशंट होते. आपल्याकडच्या सीएसआयआर-आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेने स्वतःची क्रिस्पर थेरपी तयार केलीय, बिरसा मुंडांच्या नावाने 'बिरसा १०१', नोव्हेंबर २०२५ मध्ये तिची घोषणा झाली, पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटकडे तंत्रज्ञान दिलंय. हे ऐकून मला खरंच भरून आलं. पण केमोसाठी, अलगीकरणाच्या खोलीसाठी, महिना-दीड महिना मोठ्या हॉस्पिटलात राहण्यासाठी आमच्या जिल्ह्यातल्या झरी-जामणीच्या माणसाला कोण नेणार हा प्रश्न क्रिस्पर सोडवत नाही.

तर आता लग्नाच्या बैठकीकडे येतो, मूळ मुद्दा तिथे आहे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला पंतप्रधानांनी सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू केलं, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा. त्यात तपासणीबरोबर कार्ड आणि लग्नाआधी समुपदेशन आहे. सल्ला साधा, दोघेही वाहक असाल तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता रुग्ण बाळाची, विचार करा. सल्ला बरोबर आहे, मी स्वतः कित्येकांना दिलाय. पण गावात तो पोचेपर्यंत त्याचं काय होतं ते सांगतो. मुलीचं कार्ड वाहकाचं निघालं की मुलाकडचे उठून जातात, मुलाचं कार्ड कुणी मागतच नाही. मुलगा टेस्टलाच येत नाही, 'मला काय झालंय?' म्हणतो. एका सासूबाई माझ्यासमोर सुनेला म्हणाल्या की तुझ्या घरचं रक्त सडकं, आणि त्यांच्या मुलाचा रिपोर्ट माझ्या हातात होता, वाहकाचा. दोघांकडून आल्याशिवाय रुग्ण बाळ होतच नाही म्हणून सांगितलं तर बाई म्हणतात, दादा तुमची मशीन बिघडली असेल. पोरगा मान खाली घालून उभा होता. मुली कार्ड गादीखाली लपवतात, फाडून टाकतात, परत टेस्टला आल्या की 'पहिल्यांदाच करतेय' म्हणतात, आम्हाला रजिस्टरमध्ये दिसतंच पण आम्ही गप्प बसायचो.

आता हिशोब करा. समजा एखाद्या समाजात शंभरातले दहा वाहक आहेत. कार्ड न बघता लग्नं झाली तर शंभरात एखादं जोडपं दोघं वाहक असलेलं निघेल आणि त्यांच्या पोरांत चारात एक रुग्ण, म्हणजे चारशेत एक. सगळ्यांनी कार्ड बघून लग्नं केली तर रुग्ण पोरं थांबतील. वाहक मात्र कमी होणार नाहीत, वाहक आणि नॉर्मल यांच्या पोरांत निम्मी वाहक होणारच. उलट रुग्ण पोरं दगावून जीनची जी गळती व्हायची तीसुद्धा थांबेल. मला यात काही वाईट वाटत नाही, वाहक असणं हा आजारच नाही. पण लोकांनी 'निर्मूलन' ऐकलं आणि त्यांना वाटलं की वाहक माणसं निर्मूलन करायचीत. मुलाचं बघायचं नाही, मुलीला टाकायचं, आणि वर म्हणायचं विज्ञान सांगतंय. कुठल्या पोरीचं घर बसतं आणि कुठली माहेरीच राहते हे त्या एका कार्डाने ठरतं आणि पुढच्या पिढीत कोण असेल हेही त्यानेच. तुमच्या लेखातली 'हातात घेतलेली उत्क्रांती' आमच्या गावात अशी दिसते.

आणि हे फक्त आदिवासी भागातलं म्हणून सोडू नका. निवड करायचं मशीन आपल्या हातात आलं तेव्हा आख्ख्या महाराष्ट्राने काय केलं ते आकड्यात आहे. गर्भलिंगनिदान बंद करणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, देशात पहिला, अभिमान वाटावा अशी गोष्ट. केंद्राचा कायदा १९९४ चा, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. आणि सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली किती? १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. बीडमध्ये २०११ ला ८०७. कायदा होता, पोस्टर होती, शपथा होत्या, आणि आकडा उतरत गेला. परळीच्या दवाखान्यातलं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण २०१२ चं. गंमत म्हणजे, गंमत कसली, २०११ लाच गडचिरोलीचा आकडा राज्यात सगळ्यात चांगल्यांपैकी होता. जिथे मशीन नव्हतं, पैसा नव्हता तिथे पोरी जन्माला येत होत्या, आणि ऊस, साखर कारखाने, शिकलेली कुटुंबं असलेल्या भागात त्या कमी होत होत्या. आता तिशी-पस्तिशीची पोरं मुलगी मिळत नाही म्हणून फिरतायत, दलालांना पैसे देऊन परराज्यातून बायका आणतात, तुमच्याच पेपरात बातम्या येतात. ज्याचं लग्नच झालं नाही त्याचा वंश तिथे थांबला. एका सोनोग्राफीच्या मशीनने दोन दशकांत जिल्ह्याच्या लोकसंख्येचा आकार बदलला. हे उत्क्रांतीच्या लेखात का येत नाही? कारण त्याचं चित्र काढता येत नाही.

म्हणून पुढचं जे येतंय त्याची मला चिपपेक्षा जास्त धास्ती आहे. अमेरिकेत आता आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या, भ्रूणांना मार्क देणाऱ्या कंपन्या आहेत. पाच-सहा भ्रूण तयार करायचे, प्रत्येकाचा डीएनए वाचायचा, हजारो जीनची बेरीज करून सांगायचं की ह्याला डायबेटिसचा धोका कमी, हा उंच होईल, हा हुशार निघेल, निवडा. हे चालतं किती? २०१९ मध्ये जेरुसलेमच्या संशोधकांनी हिशोब करून बघितला, दहा भ्रूणांतून सगळ्यात जास्त मार्कांचा निवडला तरी सरासरीपेक्षा उंचीत साधारण अडीच सेंटीमीटर आणि आयक्यूत अडीच-तीन गुण एवढाच फायदा निघतो. खूप भावंडं असलेली खरी कुटुंबंही त्यांनी तपासली, तर ज्याला डीएनएवरून सगळ्यात उंच म्हटलं असतं तो बऱ्याचदा सगळ्यात उंच नव्हताच. वर हे मार्क मुख्यतः युरोपियन लोकांच्या डेटावरून काढलेले, आपल्या लोकांना लावले की आणखी ढिसाळ होतात. भारतीयांचा डीएनए वाचणाऱ्या आपल्या जीनोम इंडिया प्रकल्पाचा दहा हजार लोकांचा डेटा जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुला झाला, चांगली सुरुवात आहे, पण सुरुवातच.

कुणी म्हणेल मग भीती कसली, चालतच नाही तर. अहो, चालायची गरजच कुठे आहे? मुलगा होण्याची औषधं चालतात का? तरी विकली जातात. गर्भसंस्काराच्या क्लासला फी भरून माणसं जातात. लग्नाच्या जाहिरातीत गोरी, उंच, कॉन्व्हेंट शिकलेली मागणारा समाज आपण, भ्रूणाच्या रिपोर्टवर गोरेपणाचा रकाना आला तर तो कोण रिकामा सोडेल? दुकानात माल खोटा असला तरी निवड खरी होते, ज्या भ्रूणाला कमी मार्क पडले तो टाकलाच जातो.

कायदा आहे, हेही सांगतो, नाहीतर म्हणाल म्हाताऱ्याला माहीत नाही. आयव्हीएफसारख्या उपचारांवरच्या २०२१ च्या एआरटी कायद्याप्रमाणे भ्रूणाची तपासणी आनुवंशिक आजारासाठीच करता येते, रंग-उंची-हुशारीसाठी नाही. भ्रूणात कायमचा बदल करून मूल जन्माला घालायला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) नियमांत मनाई आहे. पण १९८८ चा कायदाही होताच की. आणि सोनोग्राफीचं मशीन निदान सील तरी करता येत होतं, त्याचा नंबर होता, खोली होती, प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद ठेवणारा फॉर्म एफ होता. डीएनएची फाईल तर ईमेलने जाते. आजाराच्या नावाखाली इथे टेस्ट करायची, फाईल परदेशी पाठवायची आणि फोनवर ऐकायचं की तीन नंबरचा घ्या. कोणत्या खोलीला सील लावणार?

चीनचे शास्त्रज्ञ 'हे जियानकुई' यांचं उदाहरण तुमच्या लेखात 'धाडसी प्रयोग' म्हणून आलंय, ते खटकलं. त्यांनी २०१८ मध्ये जुळ्या मुलींच्या भ्रूणात सीसीआर५ जीन बदलला, एड्स होऊ नये म्हणून. बापाला एचआयव्ही होता, पण वीर्य धुऊन वापरण्याची साधी पद्धत आधीपासून होती, तेवढ्याने काम भागत होतं. निसर्गात सापडणारा जो बदल त्यांना हवा होता तोही नीट झाला नाही, वेगळेच बदल झाले, तेही सगळ्या पेशींत सारखे नाहीत. डिसेंबर २०१९ मध्ये त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. सिकलसेलची थेरपी चुकली तर एका माणसात चुकते आणि तो माणूस सही करून आलेला असतो. इथे दोन पोरी, आणि पुढे त्यांची पोरं, कुणाचीच सही नाही. याला धाडस म्हणायचं?

'चांगली प्रजा' काढायचं वेड नवीन नाही, आपल्याकडेही शंभर वर्षांपूर्वी मुंबई-पुण्याची शिकलेली मंडळी संततिनियमनाबरोबर सुप्रजननाची भाषा करत होती. यात मला इरावतीबाई कर्वेंचा फार आदर वाटतो. त्या १९२० च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला कैसर विल्हेल्म इन्स्टिट्यूटमध्ये पीएचडीला होत्या, गाईड ऑयगेन फिशर, पुढे नाझींच्या वंशशास्त्राला ज्यांचा टेकू मिळाला तेच. गोऱ्यांच्या कवटीची ठेवण वेगळी म्हणून ते श्रेष्ठ, अशा धर्तीचं काहीतरी त्यांना सिद्ध करून हवं होतं. बाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहून दिलं की असा काही संबंध दिसत नाही. परक्या देशात, गाईडच्या तोंडावर, विशी-पंचविशीतली मराठी बाई. आता कवट्यांच्या जागी कॉम्प्युटरचा स्कोअर आलाय, मोजून 'संबंध दिसत नाही' म्हणणारी माणसं आपल्या आयव्हीएफ सेंटरांत किती असतील देव जाणे.

मी विज्ञानाच्या विरोधात नाही हे परत सांगतो. रुग्ण बाळ नको म्हणून वाहक जोडप्याने गर्भजल तपासणी केली तर मी त्यांच्या बाजूने आहे, ज्याने ते ओरडणारं पोर रात्रभर मांडीवर घेतलंय त्याला कुणी शहाणपण शिकवू नये. पण त्या जोडप्याला ही तपासणी आमच्या तालुक्यात मिळत नाही, त्यासाठी मोठं शहर गाठावं लागतं आणि तोपर्यंत महिने उलटून जातात. आणि ज्याला गरज नाही त्याला शहरात भ्रूणाचे मार्क मिळायची सोय होत चाललीय. आजाराची निवड महाग आणि लांब, हौसेची निवड जवळ, हे उलटं व्हायला पाहिजे एवढीच माझी तक्रार आहे.

तेव्हा संपादक साहेब, तुमच्याकडे वार्ताहर आहेत, आमच्याकडे नाहीत, म्हणून तीन-चार गोष्टी विचारून छापा ही विनंती. बिरसा १०१ च्या चाचण्या महाराष्ट्रात कुठे होणार आणि नंदुरबार-गडचिरोलीच्या पेशंटचा राहण्या-जाण्याचा खर्च कोणाच्या बजेटमध्ये बसणार. सिकलसेलच्या तपासणीत मुलगे किती आणि मुली किती आल्या, जिल्ह्यावार, हा आकडा आरोग्य खात्याकडे असतोच. गर्भजल तपासणी कोणत्या सरकारी हॉस्पिटलात होते आणि किती दिवसांत रिपोर्ट मिळतो. आणि राज्यातली आयव्हीएफ सेंटर भ्रूणाचा डीएनए कशासाठी तपासतात याची नोंद कोण बघतं, शेवटची कधी बघितली. त्या पुरवणीच्या मागच्या पानावर 'निरोगी आणि सर्वोत्तम भ्रूणाची निवड' असं लिहिलेली एका सेंटरची अर्धं पान जाहिरात होती, सुरुवात तिथूनच केलीत तरी चालेल.

कळावे,
आपला वाचक
निवृत्त लॅब टेक्निशियन, जि. यवतमाळ
(नाव छापू नये, गावात अजून लोक रिपोर्ट दाखवायला घरी येतात.)